मोटार मेकॅनिक : दोष शोधण्याचा व्यवसाय

मोटार दुरुस्तीच्या व्यवसायात दोन वेगळ्या प्रकारची कामे एकाच छपराखाली चालतात. पहिल्या प्रकारात ठरावीक किलोमीटरनंतर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलणे, ब्रेकचे पॅड झिजले की नवे बसवणे, चाकांची अलाइनमेंट पाहणे अशी देखभालीची कामे येतात. ती केव्हा आणि कोणत्या क्रमाने करायची हे वाहन उत्पादकाच्या दुरुस्ती पुस्तिकेत, म्हणजे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये, नमूद केलेले असते. दुसऱ्या प्रकारात गाडीचा मालक केवळ तक्रार घेऊन येतो : गाडी पिकअप घेत नाही, सकाळी लवकर सुरू होत नाही, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. ही सगळी लक्षणे असतात, एकाच लक्षणामागे पाच-सहा कारणे संभवतात आणि त्यांपैकी खरे कारण कमीत कमी खोलाखोल करून हुडकायचे असते. पहिले काम होतकरू मुलगा काही महिन्यांत शिकतो. दुसऱ्या कामासाठी मात्र वाहनातील प्रत्येक प्रणाली कशी चालते याची समज आणि पायरीपायरीने विचार करण्याची सवय लागते. मेकॅनिकची पत, त्याचे उत्पन्न आणि बदलत्या तंत्रज्ञानात टिकून राहण्याची त्याची क्षमता ही प्रामुख्याने या दुसऱ्या कामावर ठरते.

कार्ब्युरेटर ते संगणक

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन-साडेतीन दशकांत भारतीय रस्त्यांवर वाहनांची विविधता फारच थोडी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने मुंबईच्या टॅक्सींची ओळख बनलेली फियाट, १९५७ पासून तयार होणारी ॲम्बॅसडर, पुण्याजवळच्या आकुर्डीत बनणारी बजाज स्कूटर आणि मोजके ट्रक एवढ्यांचे ज्ञान असले की एखादा मिस्त्री आयुष्यभर गॅरेज चालवू शकत असे. या वाहनांतील बहुतेक यंत्रणा डोळ्यांना दिसणाऱ्या आणि हाताने जुळवता येणाऱ्या होत्या. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा कार्ब्युरेटर खोलून साफ करता येई, तर ठिणगी कोणत्या क्षणी पडावी हे ठरवणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटमधील फट, जी साधारण ०.४ मिलिमीटर ठेवावी लागे, फीलर गेज नावाच्या पातळ पोलादी पट्टीने मोजली जाई. अनुभवी मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून टॅपेट सैल झाले आहेत की बेअरिंग वाजते आहे हे ओळखत असे, आणि सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराच्या रंगावरून पुढचा अंदाज बांधत असे : निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा धूर म्हणजे इंधन जास्त जाते आहे आणि गरम इंजिनातूनही सतत येणारा दाट पांढरा धूर म्हणजे थंड ठेवणारे पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि वाहनांच्या बनावटीतील काटेकोरपणा वाढला. तथापि मेकॅनिकच्या कामाचे स्वरूप मुळापासून बदलले ते धुराच्या नियमांमुळे. २००० पासून भारतात टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या उत्सर्जन मानकांना, म्हणजे धुरातील घातक घटकांच्या कमाल मर्यादांना, भारत स्टेज असे नाव आहे. त्यांपैकी चौथा टप्पा १ एप्रिल २०१७ रोजी देशभर लागू झाला आणि पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट सहावा टप्पा अमलात आला. इंधनातील गंधकाचे प्रमाणही या बदलात दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांपर्यंत खाली आणले गेले. इतक्या कडक मर्यादा कार्ब्युरेटरने पाळणे शक्य नसल्यामुळे आधी मोटारींतून आणि नंतर दुचाकींतूनही तो हद्दपार झाला, आणि त्याची जागा इंजेक्टरने, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार मोजून इंधन फवारणाऱ्या झडपेने, घेतली. या संगणकाला ईसीयू म्हणतात. इंजिनाचे तापमान, आत येणारी हवा, क्रँकशाफ्टची स्थिती आणि धुरातील ऑक्सिजन यांची माहिती त्याला सेन्सर पुरवत असतात, आणि त्या माहितीच्या आधारे तो इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ क्षणोक्षणी ठरवत असतो.

डिझेल गाड्यांत तर आणखी दोन यंत्रणांची भर पडली. डीपीएफ हा धुरातील काजळी अडवणारा आणि इंजिन पुरेसे तापल्यावर ती जाळून टाकणारा फिल्टर आहे. एससीआर या यंत्रणेत युरियाचे ३२.५ टक्के द्रावण धुरात फवारून नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे निरुपद्रवी नायट्रोजन व पाणी यांत रूपांतर केले जाते. केवळ शहरात थोडे-थोडे अंतर चालणाऱ्या डिझेल गाडीचा डीपीएफ तुंबतो, कारण काजळी जळण्याइतकी उष्णता त्यात निर्माणच होत नाही. असा फिल्टर बदलण्यापूर्वी गाडीच्या मालकाला ती कशी आणि कुठे चालवली जाते हे विचारणे हाही आता दुरुस्तीचा भाग झाला आहे.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला असलेल्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर जोडला की ईसीयूने नोंदवलेले दोष-संकेत पडद्यावर दिसतात. हे संकेत एक अक्षर आणि चार अंक यांनी बनतात. ‘पी’ हे अक्षर इंजिन व गिअरबॉक्ससाठी, ‘सी’ ब्रेक आणि चेसिससाठी, ‘बी’ एअरबॅग, वातानुकूलन यांसारख्या बॉडीतील यंत्रणांसाठी, तर ‘यू’ हे गाडीतील निरनिराळ्या संगणकांमधील संपर्कासाठी वापरले जाते. पहिला अंक शून्य असेल तर तो संकेत बहुतेक सर्व उत्पादकांमध्ये समान असतो आणि एक असेल तर त्या विशिष्ट उत्पादकाचा असतो. स्कॅनर हाती आला म्हणजे दोष सापडला, असा एक समज ग्राहकांमध्ये आणि नवशिक्या मेकॅनिकांमध्येही आढळतो. वस्तुतः संकेत केवळ शोध कुठून सुरू करायचा एवढेच दाखवतो, आणि हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

चार सिलिंडरची पेट्रोल गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते आणि स्कॅनरवर पी०३०१ हा संकेत दिसतो, असे समजू. या संकेताचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर होते आहे, म्हणजे तेथे इंधन नीट जळत नाही, एवढाच आहे. याला ठिणगी देणारा प्लग कारणीभूत असू शकतो, प्लगला उच्च दाबाची वीज पुरवणारी इग्निशन कॉइल असू शकते, इंजेक्टर असू शकतो, उंदराने कुरतडलेली वायर असू शकते किंवा सिलिंडरमधील दाबच कमी झालेला असू शकतो. अनुमानाने काम करणारा मेकॅनिक येथे थेट नवी कॉइल आणतो आणि दोष कायम राहिला तर ग्राहकाच्या खर्चाने दुसरा भाग बदलतो. पद्धतशीर काम करणारा मेकॅनिक आधी वायर आणि सॉकेट तपासतो, मग पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावतो, जुना संकेत पुसतो आणि इंजिन पुन्हा चालवतो. आता पी०३०२ दिसला तर दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला, म्हणजे कॉइलच खराब आहे, हे एकही पैसा न खर्चता सिद्ध होते. संकेत पी०३०१ च राहिला तर याच रीतीने प्लगची आणि मग इंजेक्टरची अदलाबदल करून पाहता येते.

या तिन्ही चाचण्यांत दोष जागचा हलला नाही तर कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधील दाब मोजणारे उपकरण, प्लगच्या जागी बसवले जाते. पहिल्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी भरला, तर त्यात थोडेसे इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजणी करतात. ऑइलमुळे पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधील फट तात्पुरती बुजत असल्याने दाब वाढला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत असे ठरते. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा हेड गॅसकेट गेले आहे, याकडे संशय वळतो. इंजिन खोलण्याचा मोठा निर्णय एवढ्या पुराव्यानंतरच घ्यायचा असतो. या सर्व क्रमात स्कॅनरचा वाटा पहिल्या पायरीपुरता आहे, आणि उरलेल्या पायऱ्या मेकॅनिकच्या विचारशक्तीवर अवलंबून आहेत.

विजेच्या दोषांत हीच शिस्त अधिकच महत्त्वाची ठरते. पूर्ण चार्ज झालेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मल्टिमीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत हे माप १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असते. चालू इंजिनातही ते १२.६ च्या वर जात नसेल तर नवी बॅटरी बसवून उपयोग नाही, कारण दोष अल्टरनेटरमध्ये, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रात, त्याच्या पट्ट्यात किंवा जोडणीत आहे. दोन मिनिटांची ही मोजणी न केल्यामुळे चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात.

गॅरेज आणि आयटीआय

हा व्यवसाय शिकण्याचे दोन रस्ते महाराष्ट्रात पूर्वीपासून आहेत. पहिला रस्ता गॅरेजमधून जातो. तेथे शिकाऊ मुलगा सुरुवातीला गाड्या धुतो, सुटे भाग पेट्रोलने साफ करतो आणि मिस्त्री मागेल तो पाना हातात देतो. बारा-तेराचा पाना कोणता, गोटी पाना कुठे लागतो आणि रिंग पाना कुठे, हे त्याला याच काळात नजरेने कळू लागते. नंतर चाक खोलणे, ऑइल बदलणे, ब्रेक आणि क्लच अशा क्रमाने त्याच्याकडे कामे येतात आणि काही वर्षांनी इंजिनचे काम त्याच्यावर सोपवले जाते. हा न लिहिलेला अभ्यासक्रम हाताला वळण लावण्यात उत्तम आहे. मात्र ‘असेच करायचे असते’ या उत्तरावर तो बऱ्याचदा थांबतो, आणि कार्यकारणभाव माहीत नसल्यामुळे गाडीची पिढी बदलली की असे कौशल्य अपुरे पडते.

दुसरा रस्ता औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा, म्हणजे आयटीआयचा आहे. केंद्र शासनाने १९५० मध्ये सुरू केलेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेतून या संस्था चालतात आणि महाराष्ट्रात त्यांचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आहे. दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा आणि मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा अभ्यासक्रम उपलब्ध असून ट्रॅक्टर, ऑटो इलेक्ट्रिकल, बॉडी रिपेअर, पेंटिंग आणि अलीकडे विद्युत वाहन असे स्वतंत्र व्यवसायही निघाले आहेत. मापनाची साधने, वीजविज्ञानाची मूलतत्त्वे आणि आराखडे वाचण्याची सवय या गोष्टी आयटीआयमध्ये क्रमाने शिकवल्या जातात. मात्र संस्थेतील गाड्या पुष्कळदा रस्त्यावरच्या गाड्यांपेक्षा जुन्या असतात आणि ग्राहकाची खरी तक्रार घेऊन आलेली गाडी तेथे क्वचितच येते.

ही उणीव शिकाऊ उमेदवारीने, म्हणजे ॲप्रेंटिसशिपने भरून निघते. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार ३० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात उमेदवार घेणे बंधनकारक असून उमेदवाराला या काळात विद्यावेतन मिळते. महाराष्ट्रात अशी उमेदवारी देणाऱ्या संस्थांमध्ये एसटी महामंडळाला वेगळे स्थान आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस सोडणाऱ्या या संस्थेच्या प्रत्येक आगाराला जोडून कार्यशाळा आहे, तर दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे तिच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. घाटरस्त्यांवर आणि खेड्यापाड्यांत रोज धावणाऱ्या, भरपूर किलोमीटर झालेल्या बस तेथे दुरुस्तीला येत असल्याने ब्रेक, स्प्रिंग, गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्या झिजेचे सर्व प्रकार उमेदवाराच्या डोळ्यांखालून जातात.

गॅरेजमध्येच शिकलेल्या, परंतु प्रमाणपत्र नसलेल्या कारागिरासाठी पूर्वज्ञानाला मान्यता देणारी योजना आहे. तिच्यात चाचणी घेऊन त्याच्या अवगत कौशल्याचे प्रमाणपत्र दिले जाते आणि कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा परदेशात नोकरीसाठी अर्ज करताना त्याचा उपयोग होतो. आयटीआयनंतर पुढे शिकण्याची इच्छा असणाऱ्यांना अटी पूर्ण केल्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर वाहन चाचणी, उत्पादन किंवा आवश्यक प्रशिक्षण व परवाना घेऊन विमा सर्वेक्षण ही क्षेत्रे खुली होतात.

नोकरी की स्वतःचे गॅरेज

कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात काम विभागलेले असते. सर्व्हिस ॲडव्हायझर ग्राहकाशी बोलून जॉब कार्ड, म्हणजे करावयाच्या कामांची नोंद असलेला कागद, तयार करतो. टेक्निशियन काम करतो आणि अंतिम तपासनीस गाडी चालवून पाहतो. येथे नियमित पगार, नव्या गाड्यांचे प्रशिक्षण आणि टॉर्क रेंचसारखी साधने मिळतात. टॉर्क रेंच म्हणजे नट किती जोराने आवळला गेला ते मोजणारा पाना. छोट्या मोटारीच्या चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर इतकेच आवळायचे असतात आणि सिलिंडर हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने घट्ट करायचे असतात, अन्यथा हेड वाकडे बसून गॅसकेट गळू लागते. अंदाजाने जोर लावून ॲल्युमिनियमच्या ऑइल पॅनचे आटे मोडणे ही तर गॅरेजमधील नित्याची चूक आहे. सेवा केंद्राची दुसरी बाजू अशी की वेळेच्या दडपणामुळे तेथे भाग दुरुस्त करण्याऐवजी अखंड जोड बदलण्याकडे कल असतो आणि वर्षानुवर्षे एकाच प्रकारचे काम करणाऱ्याची दोष शोधण्याची क्षमता वाढत नाही.

स्वतंत्र गॅरेजमध्ये उत्पन्नाची हमी नसते, परंतु कामाची विविधता आणि ग्राहकाशी थेट नाते असते. अशा गॅरेजांभोवती आधाराची एक मोठी साखळी उभी असते : पुण्याच्या नाना पेठेतील आणि मुंबईच्या ऑपेरा हाऊस परिसरातील सुट्या भागांची दुकाने, कुर्ल्याचे जुने भाग विकणारे व्यापारी, कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या वस्त्यांतील यंत्रशाळा, शिवाय डेंटिंग-पेंटिंगवाले, वायरमन आणि रेडिएटर दुरुस्त करणारे. नव्या गाड्यांच्या बाबतीत मात्र या गॅरेजांपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. मूळ सुटे भाग, दुरुस्ती पुस्तिका आणि निदानाची सॉफ्टवेअर अधिकृत केंद्रांपुरतीच राखून ठेवली जात असल्याच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. या आदेशाला पुढे आव्हान दिले गेले. तरी स्वतंत्र मेकॅनिकला माहिती मिळण्याचा प्रश्न त्यामुळे सार्वजनिक चर्चेत आला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली, तेव्हा तिच्या कार्यक्षेत्रात मोटार क्षेत्राचाही समावेश करण्यात आला.

विद्युत वाहने आणि नवे धोके

विद्युत वाहनात इंजिन ऑइल, प्लग, इंजेक्टर आणि सायलेन्सर नसल्यामुळे मेकॅनिकचा व्यवसाय संपेल, असे भाकीत अधूनमधून केले जाते. या वाहनांमुळे देखभालीची काही कामे निश्चितच कमी होतात. तथापि सस्पेन्शन, स्टिअरिंग, टायर, ब्रेक, वातानुकूलन आणि १२ व्होल्टची बॅटरी त्यांतही असते, आणि बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा, मोटर कंट्रोलर, चार्जर व त्यांना जोडणारी वायरिंग ही कामे नव्याने वाढतात. खरा बदल जोखमीत आहे. मनुष्याला धोकादायक ठरणाऱ्या उच्च दाबाची सीमा एकदिश विजेसाठी ६० व्होल्ट मानली जाते, आणि मोटारींच्या बॅटरीचा दाब साधारण ३०० ते ४०० व्होल्ट, काहींत त्याहूनही अधिक असतो. उच्च दाबाच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात. त्यांना हात लावण्यापूर्वी सर्व्हिस प्लग काढून बॅटरीचा संबंध तोडणे, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरण्यासाठी पुस्तिकेत सांगितलेली काही मिनिटे थांबणे, वीज खरोखर शून्य झाली आहे हे मीटरने तपासणे आणि रबरी विद्युतरोधक हातमोजे वापरणे हा क्रम चुकवून चालत नाही. येथे बघून-बघून शिकण्याची जुनी रीत जिवावर बेतू शकते, म्हणून विद्युत वाहनांच्या कामाला औपचारिक प्रशिक्षण अपरिहार्य आहे.

पारंपरिक गॅरेजमधील धोके अधिक संथ असल्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. जळके इंजिन ऑइल वर्षानुवर्षे त्वचेला लागत राहिले तर त्वचेच्या कर्करोगाचा संभव वाढतो. पेट्रोलमध्ये कर्करोगकारक बेंझिन असल्याने उघड्या हातांनी त्यात भाग धुणे हानिकारक असते. जुन्या प्रकारच्या ब्रेक लायनरमधील ॲस्बेस्टॉसची धूळ हवेच्या झोताने उडवली की ती फुप्फुसात जाते. बंद शटरमागे इंजिन चालू ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू माणसाला बेशुद्ध करू शकतो. नायट्राइलचे हातमोजे, ओल्या फडक्याने ब्रेकची सफाई, खेळती हवा आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही न शिरता भक्कम स्टँड लावण्याची शिस्त यांचा खर्च अगदी थोडा आहे.

ब्रेकचे काम करणाऱ्यावर तर इतरांच्या जिवाची जबाबदारी असते. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्याने असे जुने ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पेडल तळाला जाते आणि ब्रेक लागत नाही. म्हणूनच बाहेरून काहीही बिघडलेले दिसत नसताना साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलण्याचा सल्ला देणे हे मेकॅनिकचे कर्तव्य ठरते.

या व्यवसायाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेच्या कार्यशाळेत स्वतः जाऊन तेथे चालू स्थितीतील इंधन-इंजेक्शनचे इंजिन, स्कॅनर, मल्टिमीटर आणि विद्युत वाहनाचे सुटे संच आहेत की नाहीत, आणि ते विद्यार्थ्यांच्या हातात दिले जातात की कपाटात बंद असतात, हे पाहून घ्यावे. प्रशिक्षणानंतर किमान एक वर्षाची उमेदवारी करावी, सर्व्हिस मॅन्युअल वाचण्याइतकी इंग्रजी आणि विजेची मूलतत्त्वे पक्की करावीत, आणि प्रत्येक दुरुस्तीत लक्षण, चाचणी व सापडलेले कारण यांची वहीत नोंद ठेवावी. मोटारीचे तंत्रज्ञान पुढेही बदलत राहील. पण पुराव्याशिवाय भाग न बदलणाऱ्या मेकॅनिकला काम कमी पडण्याची शक्यता फार थोडी आहे.